चौदा नंबरची फ्लॉपी

निवृत्त माणसाने आपल्याला काय येतं ते गल्लीत कुणाला कळू देऊ नये, आणि काय येत नाही ते तर मुळीच नाही. मला संगणकातलं कळतं असा आमच्या गल्लीचा समज आहे. त्याचं मूळ इतकंच, की पाणीपुरवठ्याच्या नोकरीतली शेवटची नऊ वर्षं मी जुन्या नळांचे नकाशे संगणकात चढवणाऱ्या खात्यात काढली. चढवणारे वेगळे होते. ते चढवून झाले की मी शिक्का मारायचो. हा समज मी कधी खोडून काढला नाही, कारण चारचौघांत मान मिळत असेल तर आपण होऊन कोण नाकारतो?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या मिकामीबाई आल्या. वय चौऱ्याऐंशी, पाठ वाकलेली, बाहेर आमच्या एन्शू किनाऱ्याचा हिवाळी वारा असा सुटलेला की दार उघडल्याबरोबर त्या जवळजवळ उडतच आत आल्या. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता.

"नागुरासान, तुम्हाला त्रास द्यायचा म्हणजे जिवावर येतं," त्या म्हणाल्या. आमच्याकडे हे वाक्य आलं की त्रास ठरलेला.

त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "यात आमचे शोझो आहेत."

शोझोसान, म्हणजे त्यांचे यजमान, सहा वर्षांपूर्वी वारले. त्यामुळे झाकण मी जरा बेतानेच उघडलं. आत तेवीस फ्लॉप्या निघाल्या. प्रत्येकीवर सुबक अक्षरात नंबर आणि साल.

शोझोसान अडतीस वर्षं पियानोच्या कारखान्यात होते. तारेवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्यात सुया टोचून आवाज मऊ करायचा, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी एक आपोआप वाजणारा पियानो आणला. तुम्ही जे वाजवाल ते तो फ्लॉपीवर टिपून घेतो, आणि मग तीच फ्लॉपी घातली की तुमच्याशिवाय वाजवतो. पट्ट्या आपल्या आपण खाली-वर होतात. शोझोसानना एकच चाल येत असे. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ते ती एकदा टिपून ठेवत. तेवीस वर्षं, तेवीस फ्लॉप्या, चाल एकच.

आता मिकामीबाई महिनाअखेरीस वृद्धनिवासात राहायला जाणार होत्या. जेमतेम सहा चटया अंथरता येतील एवढ्या खोलीत तो धूड पियानो मावणार नव्हता. तो चोवीस तारखेला जुन्या पियानोंचा व्यापारी नेणार होता. भाचीने त्यांना फळीएवढा इलेक्ट्रॉनिक पियानो घेऊन दिला होता, पण त्याला फ्लॉपीचं तोंडच नाही. त्याला लागतो बोटाच्या पेराएवढा पेनड्राइव्ह.

"यातलं त्यात भरून द्याल का? सगळ्या नाही झाल्या तरी चालेल. चौदा नंबरची तेवढी झाली पाहिजे."

"चौदा नंबरची सगळ्यात छान वाजलीय वाटतं?"

"छे. ती जरा वाईटच आहे," त्या म्हणाल्या आणि बसायची उशी उगाचच सारखी करू लागल्या. यापुढे विचारणं असभ्यपणा झाला असता. पण एकच चाल तेवीसदा असताना माणसाने त्यातली वाईट नेमकी का मागावी, या प्रश्नाने मला त्या दिवसापासून धरलं.

"बघतो," मी म्हणालो.

त्या गेल्यावर माझ्या बायकोने, तोमोएने, विचारलं, "तुम्ही 'बघतो' म्हणालात की 'करतो'?"

"बघतो."

"मग काही काळजी नाही. बघणं तुम्हाला जमतं."

फ्लॉपी वाचायला आधी फ्लॉपी वाचणारं यंत्र हवं, आणि ते दुकानातून गायब होऊन जमाना झाला. मला एकदम आठवलं, नगर कार्यालयाच्या दारात जुनी छोटी विजेची यंत्रं टाकायची पेटी असते. गेलो, फटीतून डोकावलो, आणि काय सांगू, वरच एक पडलेलं. हात घालणार तेवढ्यात मागून कुणीतरी अतिशय नम्रपणे खोकलं. कचरा विभागातला तरुण कारकून होता.

"क्षमा करा, यातून काही काढता येत नाही."

"पण हे कुणीतरी टाकून दिलंय."

"हो. टाकेपर्यंत ते त्यांचं होतं. आता शहराचं आहे."

"मग शहराकडून मिळण्यासाठी अर्ज करतो."

"टाकायला अर्ज लागत नाही. काढायचा अर्जच नाही," तो म्हणाला आणि कमरेत वाकला. मीही वाकलो. तो आणखी वाकला. अशा पाच-सहा वाकण्यांनंतर मी बघतो तर मी फाटकाबाहेर होतो. इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी हाकललेलं नाही.

मग मी गल्लीच्या फिरत्या पाटीचा आधार घेतला. आमच्याकडे सूचनांची एक पाटी घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. तिच्यावर मी लिहिलं, 'कुणाकडे फ्लॉपी वाचायचं यंत्र पडून असल्यास कृपया कळवावे.' इथे मी माणसं ओळखायला चुकलो. आमच्या गल्लीत 'नाही' असा निरोप पाठवणं कुणाच्या जिवाला मानवत नाही. फ्लॉपीचं यंत्र कुणाकडेच नव्हतं, म्हणून प्रत्येकाने दुसरं काहीतरी पाठवलं. दोन जुनी टंकलेखन यंत्रं आली, एक कॅसेट प्लेअर आला, साठ कोऱ्या फ्लॉप्या आल्या, आणि कोपऱ्यावरच्या घरातून भात शिजवायचा विजेचा कुकर आला. त्यावर चिठ्ठी होती, 'यालाही बटणं आहेत.'

आलेल्या प्रत्येक वस्तूची परतभेट करणं आलं. मी जवळच्या मिक्काबी गावच्या संत्र्यांच्या अकरा पिशव्या घरोघर पोचवल्या. वस्तू मात्र टाकता येईनात. कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक, त्यावर आपलं नाव लिहायचं, आणि मंगळवारी सकाळी सगळी गल्ली तिथेच. आपला कुकर नागुरांच्या पिशवीत बघून कुणाला काय वाटेल? आमची बैठकीची खोली आठवड्याभरात विजेच्या सामानाची वखार झाली. तोमोए चहा आणताना वळसा घालून येऊ लागली.

या सगळ्यात गल्लीतले हाचिसुका रोज येत होते. ते कारखान्यात पियानो खोक्यात भरण्याच्या विभागात होते, त्यामुळे पियानोच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला आमच्याकडे वजन आहे. फ्लॉप्या गरम फडक्याने शेकाव्यात, असं ते सोमवारी म्हणाले. गुरुवारी म्हणाले, फ्रिजमध्ये ठेवाव्यात. नवव्या दिवशी मी त्यांच्याकडे संत्री द्यायला गेलो तर त्यांच्या बुटक्या देवदाराच्या कुंडीखाली काळा चपटा ठोकळा दिसला. पुढे फट, बाजूला वायर.

"हाचिसुकासान, हे काय?"

"कुंडी डुगडुगायची."

"गेले नऊ दिवस मी हेच शोधतोय! तुम्ही रोज आमच्याकडे चहा घेताय!"

"तुम्ही लिहिलं होतं 'पडून असल्यास'. हे पडून नाही, वापरात आहे." ते शांतपणे म्हणाले. शेवटी कुंडीखाली आमच्याकडचा कॅसेट प्लेअर बसला आणि यंत्र माझ्या हाती आलं. निदान एक वस्तू घराबाहेर गेली.

घरी येऊन मी यंत्र जोडलं, पहिली फ्लॉपी घातली. संगणकाने बराच वेळ कुरकुर करून विचारलं, 'या चकतीवर काही नाही. सगळं पुसून वापरण्याजोगी करू? होय किंवा नाही.' आता मी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. लेखी आणि नम्रपणे काही विचारलं की माझं बोट आपोआप 'होय'कडे जातं. तेवढ्यात तोमोएने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, जेवायला या."

"थांब, एवढं होऊ दे," मी म्हणालो आणि बोट टेकवणार तोच पडद्यावर काळोख झाला. तोमोए हातात वायर घेऊन उभी होती.

"ही तिसरी हाक," ती म्हणाली. "निवतंय सगळं."

मी चिडलो, आणि काय घडणार होतं ते जेवताना माझ्या ध्यानात आलं. शोझोसानचं एक वर्ष मी पुसायला निघालो होतो. तोमोएला मी हे सांगितलं नाही. प्रत्येक गोष्ट बायकोला सांगितलीच पाहिजे असं नाही.

पुढचे आठ दिवस मात्र मी खरंच अभ्यास केला, आणि कबूल करतो, इतकी मजा नोकरीत कधी आली नव्हती. जुन्या पियानोवाल्यांनी फ्लॉपीवर लिहायची आपली स्वतःचीच तऱ्हा काढली होती. संगणकाला ती वाचता येत नाही, म्हणून तो 'काही नाही' म्हणतो. आपल्याला न समजणाऱ्या गोष्टीत काही नाही असं म्हणणारी माणसं मी साहेबांच्या खुर्चीत पाहिली होती, तेव्हा मला याचं नवल वाटलं नाही. ती तऱ्हा उलगडून सगळ्यांना कळेल अशी फाइल करणारा एक फुकट प्रोग्राम मिळाला.

पण खरं नवल पुढेच होतं. या फाइलमध्ये आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, आणि आधीच्या पट्टीनंतर किती वेळाने, एवढे नुसते आकडे. शोझोसानच्या बोटांचा तो हिशेब होता. माणूस गेला तरी करंगळी किती जोरात पडत होती ते तिथे लिहिलेलं. मी बराच वेळ ते आकडे बघत बसलो. पाण्याच्या नकाशात असलं काही नसायचं.

पहिली फाइल नव्या पियानोत घातली तर चाल सनईसारख्या आवाजात निघाली. वाद्याचा आकडा चुकला होता. तो बदलला, तर नुसता डावा हातच वाजला. त्यातही खुबी होती. एका प्रकारच्या फाइलमध्ये दोन्ही हातांचं एकाच ताटात वाढतात, दुसऱ्या प्रकारात दोन ताटं मांडतात, आणि नवा पियानो पहिल्याच ताटावर जेवून उठत होता. दोन्ही एका ताटात घेतल्यावर चाल सबंध वाजली. हाचिसुका ऐकायला आले होते. ते म्हणाले, "फडक्याने शेकलंत ना शेवटी?"

त्याच दिवशी मिकामीबाईंच्या वृद्धनिवासाचा फॉर्म आला. खोलीत वाद्य वाजवायचं असल्यास दुपारी तीन ते सव्वातीन, पंधरा मिनिटांच्या आत, एकूण कालावधी लिहावा, शिक्का मारावा. बावीस फायली पाच-पाच मिनिटांच्या होत्या. चौदा नंबरची पंधराच्या वर निघाली. किती वर ते मी पाहिलंही नाही, नियमात बसत नाही एवढं मला पुरलं. उघडून बघतो तर अडीच मिनिटं चाल नीट चाललेली, मग ऐन मध्यावर एक पट्टी, आणि पुढची पट्टी कितीतरी मिनिटांनी. मध्ये काही नाही. जुन्या यंत्राची उचकी असणार, असं मी ठरवलं. दोन पट्ट्यांमधला तो अगडबंब आकडा खोडला आणि अर्ध्या सेकंदाचा घातला. चाल कशी झाली, सरळ, पाच मिनिटांत बसणारी! शोझोसानच्या बारीकसारीक चुका मी तशाच ठेवल्या, हे माझ्या बाजूने लिहून ठेवा. 'बदल जपून ठेवू? होय किंवा नाही.' होय. या वेळी वायर काढायला तोमोए आली नाही.

चोवीस तारखेला व्यापारी आला. त्याच्या यादीत होतं, 'बसायचं स्टूल, माहितीपुस्तक, फ्लॉप्या इत्यादी सर्व सोबत द्यावे.' एखादी वस्तू द्यायची तर अर्धवट देणं आमच्यात शोभत नाही. मी डबा पुसला, फडक्यात बांधला आणि स्वतः गाडीत ठेवला. यादीवर खूण करताना मला फार समाधान वाटलं होतं.

सत्तावीसला मिकामीबाईंच्या नव्या खोलीत आम्ही तिघं जमलो, त्या, तोमोए आणि मी. बरोबर तीन वाजता मी चौदा नंबर लावला. त्या डोळे मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. ऐन मध्यावर त्यांनी डोळे उघडले. चाल संपली तेव्हा त्यांनी खाली वाकून नमस्कार केला.

"फार त्रास घेतलात, नागुरासान."

मी कौतुकाची वाट बघत होतो. त्या खिडकीकडे पाहत हळूच म्हणाल्या, "पण यात मी नाहीये."

"तुम्ही? तुम्ही कुठे वाजवत होता?"

"वाजवत नव्हते. मी हाक मारली होती," त्या म्हणाल्या. "ते पियानोला बसले की मी चहा करायची आणि हाक मारायची. 'थांब, एवढं होऊ दे.' दर वेळी हेच. चहाचं पाणी व्हायचं. त्या वर्षी आदल्या दिवशी मी म्हटलं, पियानोला हाक मारली तर तो तरी येईल. दुसऱ्या दिवशी ते टिपत बसले होते. मी सवयीने हाक मारली, आणि हे मध्येच उठून आले. यंत्र चालूच. बसले, चहा घेतला, संत्रं सोललं, चहा चांगला झालाय म्हणाले. मग परत गेले आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाजवलं. आख्ख्या संसारात पहिल्या हाकेला तेवढे एकदाच आले, बघा. तो चहा त्या चौदा नंबरात आहे."

तोमोए माझ्याकडे बघत नव्हती. ती इतक्या काळजीपूर्वक माझ्याकडे बघत नव्हती, की मला घाम फुटला.

मी बस पकडून व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. त्याने अदबीने बसवलं. फ्लॉप्या होत्या, तेवीसच्या तेवीस होत्या. "ग्राहकाची खाजगी माहिती राहू नये म्हणून आम्ही त्याच दिवशी पुसून घेतो," असं सांगून त्याने पुसल्याचं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी माझ्या पुढे धरलं. त्यावर लाल शिक्का होता. माझा एवढा गुन्हा इतक्या नीटनेटक्या कागदावर मी कधी पाहिला नव्हता.

परतताना बसमध्ये मला रडू येईल असं वाटलं. मग डोकं चालायला लागलं. मी काय खोडलं होतं? एक आकडा. स्वर सगळे होते, हातांचा जोर होता, चुका होत्या. शांतता म्हणजे त्या फाइलमध्ये दोन पट्ट्यांमधला आकडा, बाकी काही नाही. आणि जगात न वाजवता येणाऱ्या माणसाला परत घालता येईल असं काही असेल, तर ते तेवढंच. प्रश्न एवढाच होता, की किती.

दुसऱ्या दिवशी मी मिकामीबाईंपुढे वाकून, कपाळ चटईला टेकवून सगळं सांगितलं. त्यांनी किटलीत पाणी भरलं. मग म्हणाल्या, "उठा. चहा करून बघू. मापता येईल."

शोझोसानच्या जागी मला बसवलं. घड्याळ तोमोएकडे. मी चहा घेतला, संत्रं सोललं, खाल्लं, उठलो. सात मिनिटं.

"असं ढोसायचे नाहीत ते," मिकामीबाई म्हणाल्या. "ते पांढऱ्या शिरा एकेक काढायचे. सवयच होती हाताला."

दुसऱ्यांदा मी शिरा काढत बसलो. चौदा मिनिटं.

"एवढे गप्प नसायचे. तुम्ही तर परीक्षेला बसल्यासारखे बसलात."

तिसऱ्यांदा त्यांनीच गोष्टी काढल्या. त्या साली कुणाच्या छपराची कौलं वाऱ्याने उडाली, कारखान्यात कोण चिडकं होतं. मी ऐकत ऐकत शिरा काढल्या, मध्येच "चहा चांगला झालाय" म्हणालो, आणि ते खरंच होतं. उठलो तेव्हा अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.

संध्याकाळी हाचिसुकांना हे कळलं. त्यांनी निवासात फोन करून सल्ला दिला, की तिन्ही मापांची सरासरी काढावी, शास्त्रीय पद्धत तीच.

"मला सरासरीचा नवरा नकोय," मिकामीबाईंनी फोनवर सांगितलं. "तिसरा घ्या."

राहिला फॉर्म. आता एकूण कालावधी सोळा मिनिटं चाळीस सेकंद होत होता. निवासाच्या व्यवस्थापक कामोशिताबाई म्हणजे नियम म्हणजे नियम. मी त्यांच्यापुढे सगळी फाइल उलगडून ठेवली, पट्ट्या, आकडे, मधली जागा. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"आवाज किती?"

"पाच मिनिटं."

"आणि हे मधलं?"

"शांतता. त्यात चहा आहे."

त्यांनी फॉर्म उलटसुलट केला. "शांततेचा रकाना नाही," त्या म्हणाल्या. "शांततेला आमच्याकडे परवानगी लागत नाही. पाच मिनिटं लिहा." आणि शिक्का मारला. उभ्या जन्मात मी हजारो शिक्के मारले, पण शिक्का बघून माझे डोळे भरून आले ते त्या दिवशी.

पाच मार्चला तीन वाजता चौदा नंबर लागला. अडीच मिनिटांनी, ऐन मध्यावर, पियानो थांबला. खोली एकदम मोठी वाटायला लागली. मिकामीबाई स्वयंपाकाच्या ओट्याशी होत्या. त्यांनी वळून न बघता नेहमीच्या आवाजात हाक मारली, "चहा झालाय."

मी पियानोजवळ उभा होतो. आकडा बरोबर बसला आहे ना, ते एकदा पडद्यावर बघायचं होतं. 'थांबा, एवढं होऊ दे' ओठावर आलं होतं. तोमोएने मान वर केली. मी गेलो आणि बसलो.

आम्ही चहा घेतला. मिकामीबाईंनी एक संत्रं सोलून चौथ्या, रिकाम्या जागेपुढच्या बशीत ठेवलं आणि त्यातल्या फोडी आम्हा तिघांत वाटत राहिल्या. वारा पडला होता. कुणी घड्याळ बघितलं नाही, आणि मला तर ते आहे हेही आठवलं नाही. बशीत एकच फोड उरली होती तेव्हा पियानो आपण होऊन पुढे वाजू लागला, जिथे सोडलं होतं तिथूनच.

मिकामीबाईंनी बशीकडे पाहिलं आणि हसल्या.

"बघा," त्या तोमोएला म्हणाल्या, "शेवटची फोड नेहमी मला ठेवून उठायचे."

आणि ती त्यांनी खाल्ली.